एका घोटाचं परमिट

अकराला पाच मिनिटं कमी असताना वामनराव ताम्हाणे कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढायचे. तिच्यात ज्वारीच्या भाकरीचा कोरडा पापुद्रा असे. तो सावकाश चावून खायचे, तांब्यातल्या पाण्याने दोनदा चूळ भरायचे आणि मग पिंपांच्या खोलीत शिरायचे. त्या पाच मिनिटांत कोणी त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपत नसे. मी नवा होतो तेव्हा एकदा "काय ताम्हाणे, न्याहारी वाटतं?" असं विचारून बसलो. ते चूळ भरून आत गेले. साडेअकराला बाहेर आले आणि माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "जोगळेकर, ती न्याहारी नव्हती. पाटी पुसत होतो."

आमचा कारखाना बिअरचा होता. ठाण्याची खाडी ओलांडली की कळव्याच्या बाजूला, भातखाचरांना लागून, जाड भिंतींची एक बैठी इमारत होती. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या छावणीत गोरे सोल्जर येऊन राहिले. त्यांना त्यांच्या गावाकडची बिअर मिळेना, म्हणून विल्की नावाच्या साहेबाने हा लहानसा कारखाना काढला. तो एकच प्रकार करी, पेल एल. इंग्लंडातली जुन्या पद्धतीची ही बिअर रंगाने फिकट मधासारखी, फेसाला बेताची आणि चवीला कडसर असते. जवाच्या काढ्यात हॉप्स नावाच्या वेलीची वाळलेली फुलं उकळून हा कडूपणा आणतात. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिथल्या प्रयोगशाळेत लागलो तो स्वातंत्र्याच्या वर्षी. तोवर सोल्जर जहाजात बसले होते, छावणीत सिंधी निर्वासित उतरत होते आणि कारखाना मुंबईतल्या दोन-चार क्लबांच्या जिवावर कसाबसा चालला होता. माझ्याकडे थर्मामीटर होते, काचनळ्या होत्या, आम्लं-क्षारांच्या बाटल्या होत्या. पण घाणा, म्हणजे एका वेळी काढलेली सगळी बिअर, पास की नापास हे ठरायचं ताम्हाण्यांच्या जिभेवर. कामगार त्यांना चवमास्तर म्हणत.

ते चवमास्तर झाले एका गैरसमजातून. मुळात ते कोठारबाबू. जवाची पोती उतरवून घ्यायची आणि उंदरांवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. चव बघणारा सार्जंट लढाईवर गेला तेव्हा साहेबाने समोर दिसला म्हणून यांच्याच हातात पेला दिला. ताम्हाण्यांनी उभ्या जन्मात असल्या पदार्थाला बोट लावलेलं नव्हतं. पण साहेबाला नाही म्हणायची प्राज्ञा नव्हती. एक घोट घेतला, तोंड वाकडं झालं आणि तक्रारीच्या सुरात ते म्हणाले, "सर… बिटर!" साहेबाने टेबलावर थाप मारली. त्याच्या मुलखात या बिअरला लोक प्रेमाने 'बिटर' असंच म्हणतात, हे या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? साहेबाला वाटलं, हा जाणकार आहे. त्याने पुढे विचारलं, कशा प्रकारचं बिटर? ताम्हाण्यांचं इंग्रजी तिथे संपलं. ते म्हणाले, "लाइक मेथी, सर." साहेबाने खानसाम्याला बोलावून मेथी म्हणजे काय ते समजून घेतलं, पानं मागवून चघळून पाहिली आणि वहीत लिहिलं, 'मेथी'. दुसऱ्या दिवसापासून पोती दुसऱ्याकडे गेली.

ती वही मी पाहिलेली आहे. इंग्रजी अक्षरांत पानोपान मेथी, कारलं, कडुनिंब, जळकं खोबरं. बिघडलेल्या घाण्यांपुढे 'शिळं ताक', 'ओलं पोतं', 'माळ्यावरच्या वह्या'. ताम्हाण्यांनी चवीची सगळी भाषा घरच्या स्वयंपाकघरातून आणली होती आणि साहेबाने ती मुकाट्याने शिकून घेतली होती. साहेब एकदा मला म्हणाला की, त्याच्या आजोबांच्या कारखान्यात चाळीस वर्षं चव बघणाऱ्या माणसाकडेही इतके शब्द नव्हते. हे मी ताम्हाण्यांना सांगितलं तर म्हणाले, "शब्द माझे कसले? घरी जे पानात पडतं ते सांगतो."

दारूच्या कारखान्यातला माणूस म्हटला की लोक नाकाला पदर लावतात, म्हणून सांगतो. ते रोज तीन घोट घ्यायचे. चौथा नाही. दिवाळीलाही नाही. मी एकदा सुचवलं की, चव बघून थुंकून टाकावं, द्राक्षाच्या दारूचे पारखी तसंच करतात. ते म्हणाले, "गोड जिभेच्या शेंड्याला कळतं, आंबट कडेला कळतं. कडू घशाशी कळतं. गिळल्याशिवाय या बाईचा स्वभाव समजत नाही." आणि मग हसून, "माझी जीभ नोकरीला आहे हो, पोट घरचंच आहे."

त्यांच्या जिभेची मला पहिल्यांदा धास्ती वाटली ती एका अमावास्येनंतर. घोट घेऊन ते बाहेर आले आणि म्हणाले, "यात खाडी आलीय." मी माझे आकडे दाखवले, सगळं ठीक होतं. "आकडे असतील ठीक. भरतीचं पाणी विहिरीत झिरपलंय." मी जरा तोऱ्यातच विहिरीचं पाणी काढवलं, परीक्षानळीत औषधाचा थेंब टाकला, आणि पाणी पांढरंफटक झालं. मीठच मीठ. ताम्हाण्यांनी 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं चकार शब्दाने म्हटलं नाही. ते माझ्यासाठी चहा सांगायला गेले. स्वतः अकराच्या आधी चहा घेत नसत.

चहाच कशाला, त्या जिभेपायी त्यांनी काय काय सोडलं होतं! पान नाही, तंबाखू नाही, कांदा-लसूण नाही, मिरची नाही. घराणं मासळीवर तुटून पडणारं, पण मासळी फक्त शनिवारच्या रात्रीपुरती. बिअर निवळायला घोळ माशाच्या पोटातली फुग्यासारखी पिशवी लागते, कोळी तिला भोत म्हणतात. ती घेऊन येणारी जानकीबाय त्यांना चिडवायची, "मास्तर, आमचा भोत तुमच्या पिंपात जातंय, न् तुमी घोळीचा तुकडा पन खात नाय!" ते कसनुसं हसायचे. फार आवडायची त्यांना घोळ.

राहायला ते डोंबिवलीला होते, स्टेशनापासून दहा मिनिटांवरच्या एका चाळीत. नवराबायको दोघंच, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणत असे. चाळीत ताम्हाण्यांचा मोठा मान होता. कांदा-लसूण न खाणारा, सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा गृहस्थ म्हणून बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचा दाखला देत. नोकरीचं कोणी विचारलं तर ते "चव बघायचं काम" एवढंच म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, चहाच्या कंपनीत असतील. ताम्हाण्यांनी ते कधी खोडून काढलं नाही, आणि त्यांच्या आयुष्यातली लबाडी म्हणावी तर ती एवढीच.

ती त्यांना भोवली. दारूबंदीचा कायदा येणार असं वारं सुटलं तेव्हा चाळीतल्या लेले वकिलांनी प्रचाराची सभा ठरवली आणि अध्यक्ष म्हणून ताम्हाण्यांचं नाव पुढे केलं. निर्व्यसनी माणूस हवा होता, दुसरं नाव कोणाला सुचतच नव्हतं. ताम्हाण्यांनी दोनदा नाही म्हटलं. लोकांना तो विनय वाटला. शेवटी हार गळ्यात पडल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, या खुर्चीत बसून मला खोटं बोलता यायचं नाही. मी बिअरच्या कारखान्यात आहे. रोज तीन घोट घेतो. मला आजवर कधी चढलेली नाही. पण घेतो." हार काढून टेबलावर ठेवला आणि ते खाली उतरले.

त्या कबुलीनंतर त्यांना कोणी काही बोललं नाही. भोगलं ते वहिनींनी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकही बाई त्यांच्या दारी फिरकली नाही. तिळगुळाचं ताट तसंच राहिलं. नळावर त्यांना ऐकू जाईल अशा बेताने कोणीतरी म्हणालं, "बाटलीवाले आले, बादल्या सांभाळा." वहिनींनी ते मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. नवऱ्याला ते शब्द कधीच सांगितले नाहीत.

मग कायदा आलाच. कारखाना बंद करायची तारीख ठरली, पण त्याआधी जव, हॉप्स, साखर, जे काही शिल्लक होतं ते घालून साहेबाने एक शेवटचा घाणा लावला. का ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो पक्व व्हायला चार दिवस कमी पडले आणि मुदत उलटली. सरकारी माणसं आली ती सकाळी, नेमकी अकराच्या सुमारास. एकेक पिंप फोडून खाडीकडे जाणाऱ्या गटारात ओतायला सुरुवात झाली. ताम्हाणे पुरचुंडी हातात घेऊन उभे होते. वासावरूनच त्यांचा चेहरा बदलला होता. ते अधिकाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, एक घोट. नोंदीपुरता. हा घाणा वेगळा उतरलाय." अधिकारी माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "काल मागितला असतात तर दिला असता. आज तो गुन्हा आहे." ताम्हाणे मागे सरले. विल्कीसाहेब पाठ करून खिडकीबाहेर बघत होता. शेवटच्या घाण्यापुढची वहीतली जागा कोरी राहिली.

साहेब विलायतेला गेला. मला ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली. ताम्हाणे कल्याणला धान्याच्या सरकारी गोदामात लागले, म्हणजे पुन्हा पोती आणि उंदीर. मी महिन्या-दोन महिन्यांनी डोंबिवलीला जात असे. मला वाटलं होतं, आता ते घोळ खातील, मिरची खातील. कसलं काय! पथ्य तसंच चालू होतं. मी थट्टा केली तर म्हणाले, "जीभ रजेवर आहे, जोगळेकर. तिला काढून टाकलेली नाही." मला हसू आलं नाही.

अशी चार वर्षं गेली आणि साहेबाचं पत्र आलं, माझ्या पत्त्यावर. त्याने आपल्या गावी भावाबरोबर लहानसा कारखाना काढला होता. तो शेवटचा घाणा मनातून जात नाही, म्हणून आठवून आठवून तसाच पुन्हा लावलाय. बंदरावर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर एक बाटली पाठवतोय. ताम्हाण्यांना विचार, बरोबर झालंय का? इथे विचारण्यासारखं कोणी नाही. पत्रात एवढंच होतं.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा ताम्हाण्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं, वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मला विचारलंय?" ते म्हणाले. "मलाच?"

बाटली बंदरावरच्या त्या गोऱ्या माणसाच्या मुंबईच्या घरी होती. परदेशी म्हणून त्याला परवाना होता. मी म्हटलं, सरळ त्याच्या घरी जाऊ, एक घोट घ्या आणि परत या, कोण बघतंय? ताम्हाण्यांनी मान हलवली. "चोरून घेतलेल्या घोटाची चव लागत नाही. अर्धं लक्ष दाराकडे जातं." तेव्हा परमिट काढायचं ठरलं. त्या काळी दारूचं परमिट मिळे, पण ते ज्याला दारूवाचून चालत नाही त्याला. डॉक्टरांनी तसं लिहून द्यावं लागे. आम्ही ठाण्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "व्यसन किती वर्षांचं?"

"व्यसन नाही. चव बघायचीय. एक घोट पुरे."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, चवीचं परमिट नसतं. व्यसनाचं असतं. व्यसनी आहे असं लिहून द्या, सही करा, डॉक्टरकडे जा."

ताम्हाण्यांनी टाक उचलला आणि खाली ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "लेले वकिलांच्या सभेत मी खरं बोललो होतो, जोगळेकर. आता हे लिहून दिलं तर चाळीने जे ठरवलं तेच खरं होईल. हिने एवढं सोसलं ते कशासाठी?" मी त्यांना आग्रह केला नाही. तेव्हा केला असता तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

दोन-तीन महिन्यांनी त्यांना घास अडकायला लागला. आधी पोळी, मग भात, मग पेज. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की, अन्ननलिकेत गाठ आहे, हळूहळू पाणीही उतरायचं बंद होईल. हे कोणी न सांगता ताम्हाण्यांना कळलं होतं. घसा हा त्यांच्या धंद्याचा अवयव, त्याची बातमी त्यांना आधी.

परमिटाचा विषय पुन्हा काढला तो वहिनींनी. माझ्यासमोरच म्हणाल्या, "सही करा तुम्ही."

"अगं, काय लिहितात ठाऊक आहे का तुला?"

"ठाऊक आहे. लोकांनी ती सही तुमच्या नावावर केव्हाच केलीय. नळावर रोज ऐकते मी. आता तुमच्या हातची झाली तर माझं काय वाईट होणार आहे? त्या माणसाने सातासमुद्रापलीकडून विचारलंय. उत्तर द्या त्याला."

आम्ही पुन्हा ठाण्याला गेलो. या खेपेला मी त्यांना धरून जिना चढवला. डॉक्टरांनी विचारलं, किती घेता? ताम्हाणे म्हणाले, "तीन घोट. अकरा वाजता. आठ वर्षं घेतली." कधी चुकवलं? "कामाच्या दिवशी कधीच नाही." एक अक्षरही खोटं नव्हतं. डॉक्टरांनी लिहिलं, 'व्यसनी'. ताम्हाण्यांनी त्या शब्दाखाली सही केली. शाई वाळेपर्यंत ते त्या शब्दाकडे बघत राहिले.

परमिट हातात यायला दोन महिने लागले. मी बाटली घेऊन डोंबिवलीला पोचलो तेव्हा ते खाटेवर होते आणि वहिनी चमच्याने त्यांच्या ओठांत पाणी सोडत होत्या. चमच्यातलं निम्मं बाहेर येत होतं. तरी त्यांनी मला घड्याळ बघायला लावलं. अकरा वाजायचे होते. आम्ही थांबलो. भाकरीचा पापुद्रा आता शक्य नव्हता, वहिनींनी ओल्या फडक्याने जीभ पुसून दिली. मी पेल्यात ओतलं. त्यांनी आधी उजेडाकडे धरायला सांगितलं, मग वास घेतला. मग एक घोट तोंडात घेतला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. घाटी वर सरकली, थरथरली, पुन्हा वर सरकली. घोट उतरला नाही. वहिनींनी वाडगं पुढे केलं.

"अर्धंच कळलं," ते पुटपुटले. आवाज जेमतेम होता. "कडू राहिलं. तुम्ही घ्या, जोगळेकर. सांगा मला."

मी घेतला. "छान आहे," म्हणालो. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आठ वर्षांच्या त्या वहीतला एकही शब्द मला त्या क्षणी आठवला नाही. रसायनशास्त्राची पदवी असलेला मी गाढवासारखा पेला धरून बसलो होतो.

वहिनींनी माझ्या हातातून पेला घेतला. मी "वहिनी, अहो…" म्हणेपर्यंत त्यांनी पदराने तोंड पुसून मोठा घोट घेतलाही. गिळला. खाटेच्या कडेवर बसल्या आणि नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"मेथी?" ताम्हाण्यांनी विचारलं.

"नाही. कारलं. पण कोवळं. मीठ लावून पिळून घेतलेलं."

"मग?"

"मग जरा भाजल्याचा वास, पोळीचा पापुद्रा फुगतो ना तव्यावर, तसा. आणि शेवटी संत्र्याची साल."

"आणि… घशाशी?"

वहिनी थांबल्या. पुन्हा एक घोट घेतला. "घशाशी थोडं राहतं. मग आपलं आपण निघून जातं. तोंड स्वच्छ होतं."

ताम्हाण्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "तोच आहे. त्या दिवशी वासावरून ताडला होता, तसाच. लिहा, जोगळेकर. बरोबर झालंय म्हणावं." मी तिथेच बसून वहिनींनी सांगितलेलं शब्दन् शब्द लिहिलं, खाली ताम्हाण्यांनी वाकडीतिकडी सही केली, आणि स्टेशनकडे जाताना मी पत्र पेटीत टाकलं.

सतराव्या दिवशी ते गेले. परमिट परत करायला मी कचेरीत गेलो. कारकुनाने रजिस्टर काढून ताम्हाण्यांच्या नावावर रेघ ओढली. पुढच्या रकान्यातला शब्द तसाच राहिला. तो खोडा, असं न म्हणताच मी जिना उतरलो.

पुढच्या महिन्यात डोंबिवलीला गेलो. वहिनी धान्य निवडत होत्या. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हटलं, "वहिनी, तुमचीही जीभ त्यांच्यासारखीच निघाली. साहेबाला पत्र मिळालं असेल. खूश होईल तो."

त्यांचा हात सुपातच थांबला. "भाऊजी, मला काय कळतंय त्यातलं? तोंडात घेतलं, गिळलं. नुसतं कडू. दुसरा घोट घेतला तो काही सुचेना म्हणून, तेवढाच वेळ मिळावा म्हणून. पण यांना काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. एकतीस वर्षं जेवायला वाढलंय मी यांना." मग पुन्हा खडे वेचत, माझ्याकडे न बघता, "तुम्ही ते साहेबाला कळवू नका."

मी कळवलं नाही.